खिडकीपुढची रांग आणि शहराचा रस्ता

मोटारीतून खाली न उतरता खिडकीतूनच खाद्यपदार्थ, औषधे वा बँकेची सेवा मिळवून देणाऱ्या 'ड्राइव्ह-थ्रू' व्यवसायांना शहरात किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न अमेरिका व कॅनडातील स्थानिक स्वराज्य संस्थांपुढे वारंवार येत आहे. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराने ऑगस्ट २०१९ मध्ये त्यावर रोखठोक उत्तर दिले. शहरात यापुढे एकही नवा ड्राइव्ह-थ्रू होणार नाही, असा निर्णय तेथील नगर परिषदेने घेतला. मात्र, या निर्णयाने वाद मिटला असे म्हणता येणार नाही. बंदीचा लाभ कोणाला आणि तिची झळ कोणाला, हा प्रश्न त्यातून अधिक ठळक झाला आहे.

ही व्यवस्था मुळात मोटारीभोवती उभ्या राहिलेल्या शहरांची अपत्य. 'इन-अँड-आउट' या साखळीने १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात दुतर्फा ध्वनिक्षेपकावरून मागणी नोंदविण्याची सोय केली. मॅकडोनाल्ड्सने आपली पहिली अशी खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. शेजारच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात सार्वजनिक ठिकाणी मोटारीतून उतरण्यास मनाई होती, हे त्यामागचे कारण. अपवाद म्हणून सुरू झालेली ही सोय पुढे या धंद्याचा कणा बनली. त्यामुळे निर्बंधाचा विषय निघताच बड्या साखळ्या अस्वस्थ होतात, यात नवल नाही.

निर्बंधांच्या समर्थकांचा मुद्दा साधा आहे. दुकानातील रांग दुकानदाराच्या जागेत असते. मोटारींची रांग मात्र गर्दीच्या वेळी आवाराबाहेर सार्वजनिक रस्त्यावर येते. आत जाणारी आणि बाहेर पडणारी, अशा दोन वाटा पदपथ छेदतात. पादचारी, सायकलस्वार आणि बससाठी थांबलेले प्रवासी यांना त्याचा त्रास होतो. सुरू असलेल्या इंजिनांचा धूर आणि रात्रीचा ध्वनिक्षेपकाचा आवाज शेजारच्या रहिवाशांच्या वाट्याला येतो. थोडक्यात, नफा खासगी आणि रांगेचा भार सार्वजनिक, असा हा व्यवहार आहे.

मिनिआपोलिसच्या निर्णयाला डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या 'मिनिआपोलिस २०४०' या विकास आराखड्याची पार्श्वभूमी होती. मोटारींचा वापर आणि कर्बवायूंचे उत्सर्जन घटविणे, हे त्या आराखड्याचे उद्दिष्ट. हे शहर काही एकटे नाही. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पोने १९८२ मध्येच अशी बंदी घातली होती. कॅनडात २००२ ते २०१६ या काळात २७ नगरपालिकांनी खाद्यपदार्थांच्या ड्राइव्ह-थ्रूंवर पूर्ण वा अंशतः बंदी आणली. अटलांटा शहराने २०२४ मध्ये जुन्या रेल्वेमार्गांवर साकारणाऱ्या 'बेल्टलाइन' या पायवाटेच्या परिसरात नव्या ड्राइव्ह-थ्रूंना मज्जाव केला. पादचाऱ्यांसाठी सार्वजनिक पैसा खर्च करायचा आणि त्याच परिसरात मोटारींच्या रांगांना परवानगी द्यायची, ही विसंगती तेथील परिषदेला मान्य नव्हती.

विरोधकांचे सगळेच आक्षेप मात्र धंद्यापुरते नाहीत. अपंग, वृद्ध, तान्ह्या मुलांसह प्रवास करणारे पालक यांच्यासाठी मोटारीतून न उतरण्याची सोय ही चैन नसून गरज ठरू शकते. करोना साथीने त्याची प्रचिती दिली. २०२० मध्ये उपाहारगृहांतील बैठक व्यवस्था बंद झाल्यावर हीच खिडकी उपयोगी पडली. मुंबईकरांनाही हा अनुभव आहे. मे २०२१ मध्ये दादरच्या कोहिनूर वाहनतळात महापालिकेने ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांना मोटारीत बसूनच लस देण्याची व्यवस्था केली होती.

तथापि, या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे. मोटार नसलेल्याला या खिडकीचा उपयोग काय? रात्री उपाहारगृहाचे दार बंद होते आणि केवळ खिडकी सुरू राहते, तेव्हा पायी आलेल्या ग्राहकाला बहुधा परत पाठविले जाते. अंध व्यक्ती मोटार चालवू शकत नाही. या कारणावरून २०१६ मध्ये अमेरिकेत एका अंध नागरिकाने मॅकडोनाल्ड्सविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. म्हणजे एका गरजू गटाला हात देणारी व्यवस्था दुसऱ्या गरजू गटाला दाराबाहेर ठेवते.

बंदीच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. मिनिआपोलिसमध्ये पूर्वीपासून असलेले ड्राइव्ह-थ्रू कायम आहेत. परिणामी रहदारीचा आजचा ताण एका रात्रीत हटत नाही. उलट जुन्या परवानाधारकांना नव्या स्पर्धकांपासून आयते संरक्षण मिळते. शिवाय नगर परिषदेचा अधिकार शहराच्या सीमेपर्यंतच चालतो. मिनिआपोलिसच्या उपनगरांपैकी ब्रुकलिन पार्क येथे २०२२ मध्ये 'टाको बेल'ने चार मार्गिकांचे उपाहारगृह सुरू केले. तेथे स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे आणि पदार्थ छोट्या उद्वाहकांतून खाली मोटारीपर्यंत येतात. एका शहराने दार लावले तरी शेजारचे शहर ते उघडे ठेवू शकते.

म्हणूनच सरसकट बंदी की सरसकट मोकळीक, एवढ्यावरच चर्चा थांबणे योग्य नाही. दाट वस्ती आणि पादचारी मार्गांलगत नव्या खिडक्यांना नकार, अन्यत्र संपूर्ण रांग आवारातच सामावण्याची सक्ती, पायी येणाऱ्यालाही त्याच वेळेत सेवा आणि अपंगांसाठी मोटारीपर्यंत पदार्थ आणून देण्याची सोय, असे नियम अधिक न्याय्य ठरतील. जुन्या व्यवसायांनाही नूतनीकरणाच्या वेळी याच अटी लावता येतील. व्यवसायाने आपल्या रांगेचा भार स्वतः उचलला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले, तर खिडकी आणि रस्ता यांच्यातील हा तंटा सुटणे अवघड नाही.