समागमातील डोकेदुखी : लाज नको, तपासणी हवी

डोके दुखले की आपण पित्त, उपास, ऊन, जागरण अशी कारणे मोजतो. समागमाच्या वेळी डोके दुखते, हे मात्र डॉक्टरांपुढेही कोणी बोलत नाही. बजाजनगरात वाळूज औद्योगिक वसाहतीतील कामगारांची मोठी वस्ती आहे. पाळीचे काम, अपुरी झोप, लहान जागेतला संसार. या दुखण्याचे खापर मग ‘उष्णते’वर नाहीतर ‘अशक्तपणा’वर फुटते आणि दुकानातून गोळी आणून विषय मिटवला जातो. हे धोक्याचे आहे.

ही डोकेदुखी दोन तऱ्हांनी येते. कधी उत्तेजनेबरोबर मान व डोके जड होऊन दुखणे वाढत जाते, तर कधी कामपूर्तीच्या क्षणी स्फोट व्हावा तशी कळ येते. पुरुषांत प्रमाण अधिक. तीव्र वेदना मिनिटभरापासून २४ तासांपर्यंत राहू शकते. बहुतेकांच्या मेंदूत काही दोष नसतो व काही आठवड्यांत-महिन्यांत त्रास आपोआप थांबतो.

परंतु पहिल्यांदाच अशी अचानक कळ आली, तर मेंदूभोवती रक्तस्राव नाही ना, हे सिटी स्कॅन करून त्याच दिवशी पाहिले पाहिजे. उलट्या, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे, हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट घाटी रुग्णालय गाठावे.

तपासणीत काही न निघाल्यास उपाय सोपे आहेत. दुखू लागताच थांबावे, घाई टाळावी, रक्तदाब मोजून घ्यावा. इंडोमेथासिन समागमापूर्वी अर्धा ते एक तास घेतात. वारंवार त्रास असल्यास प्रोप्रॅनोलॉल रोज देतात. मात्र दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ही औषधे अपायकारक ठरू शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ताकदीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. सिल्डेनाफिलनेही डोके दुखते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून या विषयांवर मराठीत उघड लिहिले. त्याला शतक होत आले, तरी आमची जीभ अडखळते. माझ्या मते पहिले पाऊल डॉक्टरांनी टाकावे. ‘डोके कशाने दुखते?’ असे विचारताना ‘समागमात दुखते का?’ हेही सहजपणे विचारावे. नवऱ्याने दुखणे लपवू नये आणि बायकोने ते टाळण्याचे निमित्त समजू नये. डॉक्टरांपुढची दोन मिनिटांची लाज जिवापेक्षा मोठी नाही.