शब्द कुठनं आला? : पॅगोडा

मुलांनो, चित्रात तुम्ही चिनी देऊळ पाहिलं असेलच. मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्याला छप्पर, छपराचे कोपरे वर वळलेले. आपण त्याला पॅगोडा म्हणतो. गंमत अशी, की चिनी माणूस हा शब्द वापरतच नाही! तो म्हणतो ‘ता’. आणि हा ‘ता’ मुळात आपल्याकडचा बरं का. संस्कृतातला ‘स्तूप’ पालीत ‘थूप’ झाला, बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेला आणि झिजून ‘ता’ उरला.

स्तूप म्हणजे पालथ्या टोपलीसारखा घुमट, त्याच्या डोक्यावर छत्री. पुढे छत्र्या वाढल्या, एकीवर एक चढल्या. चीनमध्ये तिथल्या माडीच्या मनोऱ्यांशी त्यांचं जमलं आणि घुमटाचा झाला उंच बुरूज.

मग ‘पॅगोडा’ कुणाचा? तो जगभर नेला पोर्तुगीजांनी. त्यांना तो कुठे सापडला, यावर पंडितांचं काही एकमत नाही. कुणी ‘भगवत्’ सांगतं, कुणी फारसी ‘बुतकदा’, म्हणजे मूर्तीचं घर. मला तिसरं मत आवडतं. श्रीलंकेत स्तूपाला ‘दागोबा’ म्हणतात, त्याचीच उलटापालट होऊन पॅगोडा झाला म्हणे. दागोबा आला ‘धातुगर्भ’वरून. इथे धातू म्हणजे लोखंड-तांबं नव्हे हं! बुद्धांच्या अस्थी किंवा त्यांच्या वापरातली वस्तू म्हणजे धातू. ती पोटात जपणारा तो धातुगर्भ.

असा धातुगर्भ बघायला श्रीलंकेला कशाला जायचं? आपल्याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्याला आहे की! तिथले लोक त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. बुरूड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारा, हे साखरशेतच्या मुलांना सांगायला नको. बुद्धांचं नाव मात्र गाव पार विसरलं होतं.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते टेकाड खणलं. आत दगडी पेटी. पेटीत बुद्धांच्या आठ लहान मूर्ती, मधोमध तांब्याचा करंडा. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा! आणि सोन्याच्या करंड्यात काय असेल? हिरे-माणकं? छे. मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! बुद्धांचं पात्र म्हणून कुणीतरी त्या इतक्या जपल्या होत्या. आज हा ठेवा मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहे.

आता तुमचं काम. आपल्या जव्हार-मोखाड्यात टेकाडं काय कमी आहेत? तुमच्या पाड्याजवळच्या टेकाडाला काय म्हणतात, ते आजीला नाहीतर आजोबांना विचारा. नाव कितीही वेडंवाकडं वाटलं, तरी ते सांगतील तस्संच वहीत उतरवा.