माळ्यावरचा ठेवा

ठाणे, डोंबिवली, कल्याण परिसरात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वेग आला आहे. घर रिकामे करताना माळा उतरवला जातो आणि ध्वनिमुद्रिकांचे गठ्ठे, कॅसेटची खोकी बाहेर येतात. ‘आता सगळे मोबाइलवर मिळते की!’ असे म्हणून ती भंगारवाल्याच्या हवाली होतात. हे वाक्य कितपत खरे आहे?

मोबाइलवरील सेवांनी मोठी सोय केली, हे नाकारण्याचे कारण नाही. लोकलच्या गर्दीतही आज अभिजात गायकी ऐकता येते. परंतु ही सोय भाड्याची आहे. २०२४ या एकाच वर्षात ‘रेसो’ आणि ‘विंक’ या दोन सेवा बंद झाल्या. घरातली तबकडी मात्र कोणाच्या व्यावसायिक निर्णयाने मुकी होत नाही.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. जनकवी पी. सावळाराम हे ठाण्याचे भूषण. पण मोबाइलच्या पडद्यावर बहुधा गायिकेचे नाव ठळक असते आणि कवी शोधावा लागतो. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गीतकार, संगीतकार आणि अनेकदा साथीदारही सन्मानाने नांदत. गाणे कोणी घडवले, हे मुलांना त्यावरून सहज कळे.

तिसरा प्रश्न संस्काराचा. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते कथाक्रमाने उलगडली आणि घरेच्या घरे रेडिओभोवती बसून ती ऐकत राहिली. आज एका घरात चौघांच्या कानांत चार गाणी असतात. दोष यंत्राचा नाही. एकत्र बसण्याची सवय मोडली, हे खरे दुखणे आहे.

कॅसेटला बुरशी लागते, फीत चिकटते, यंत्र दुरुस्त करणारा सापडत नाही, हेही मान्य. म्हणूनच नव्या तंत्राचा उपयोग जुने जपण्यासाठी व्हावा. दुर्मीळ मैफली, कीर्तने, आजोबांच्या आवाजातील फिती यांचे वेळीच संगणकीय रूपांतर करावे; मूळ प्रत मात्र टाकू नये. त्यावर तारीख, स्थळ, कलाकार यांची नोंद करावी. आणि आठवड्यातून एक सायंकाळ इअरफोन बाजूला ठेवून सर्वांनी एकत्र ऐकावे.

नव्या घरात देवघराची जागा आपण आधी ठरवतो. या ठेव्यासाठीही एक फळी राखून ठेवायला काय हरकत आहे?