मदतीला येणाऱ्याने हत्यार ओळखावे

‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मध्ये एसओएस फ्लेअर उडवला की ती मोहीम जगभरच्या शिकाऱ्यांच्या यादीत लागते आणि होस्टसकट चौघांची पार्टी जमू शकते. जानेवारी २०१८ मध्ये हा खेळ आला, तेव्हा या सोयीचे स्वागत झाले ते योग्यच होते. त्यानंतर राइज, सनब्रेक आणि वाइल्ड्सही आले. तरी फ्लेअरविषयी वाचकांच्या पत्रांतला सूर मात्र कडवटच आहे. मदतनीस येतात आणि दोन मिनिटांत कार्ट होऊन (बेशुद्ध पडून छावणीत परत जाऊन) शिकार बुडवतात, असे होस्टचे म्हणणे. होस्ट छावणीत बसून बक्षिसाची वाट पाहतो, असे मदतनीसांचे. तक्रारी दोन्हीकडच्या खऱ्या आहेत. पण पहिला दोष खेळाच्या रचनेकडे जातो आणि दुसरा हत्यार न समजून घेता यादीत शिरणाऱ्याकडे.

रचनेतला दोष कथेच्या मोहिमांत, म्हणजे असाइन्ड क्वेस्टमध्ये आहे. राक्षसाच्या पहिल्या दर्शनाचा कट-सीन होस्टने पाहिल्याशिवाय बाहेरच्या कोणालाही आत प्रवेश नाही. दोन मित्र एकाच टप्प्यावर असले तर त्यांनी अँजनाथची मोहीम आपापली, वेगवेगळी घ्यायची. प्राचीन अरण्यात स्काउटफ्लाइजच्या मागे पाऊलखुणा हुडकायच्या. दोघांनी तोच कट-सीन आपापल्या पडद्यावर पाहायचा. मग एकाने मोहीम सोडून अस्टेरा या तळावर परत यायचे, यादी उघडायची, मित्राची मोहीम शोधायची आणि लोडिंग संपण्याची वाट पाहायची. तोवर दुसरा मित्र एकटाच अँजनाथच्या जबड्यापुढे नाचत असतो आणि मोहिमेच्या ५० मिनिटांचे घड्याळ चालूच असते. सोबत खेळायचा म्हणून विकलेल्या खेळात सोबत येण्यासाठी आधी एकट्याने काम अर्धे उरकावे लागते, हा द्राविडी प्राणायाम झाला. ऐपत दाखवल्याशिवाय मदतनिधी न देणाऱ्या कचेरीचा कारभार असाच चालतो.

त्यात आणखी एक भर होती. मूळ वर्ल्डमध्ये राक्षसाची ताकद एकट्यासाठी एक आणि दोघे ते चौघे यांच्यासाठी दुसरी, अशा दोनच पायऱ्या होत्या. नवखा मदतनीस एक आला तरी राक्षसाचे आयुष्य चौघांच्या हिशेबाने वाढायचे आणि तो नेटवर्क तुटून गळाला तरी ते उतरायचे नाही. २०१९ च्या आइसबॉर्नने दोघांसाठी वेगळी पायरी केली आणि खेळाडू गळाला की ताकद उतरवण्याची सोय केली. नवख्यांना साथ देणाऱ्या वरिष्ठांना जादा बक्षीस देणारी ‘हंटर हेल्पर’ची योजनाही त्याच काळातली. २०२१ च्या राइजमध्ये हबच्या मोहिमा पहिल्यापासून चौघांना खुल्या होत्या. गावच्या मोहिमा मात्र एकट्याच्याच. २०२५ च्या वाइल्ड्समध्ये माणूस आला नाही तर संगणकाचे सपोर्ट हंटर धावून येतात, ही सोय उत्तम आहे. कथेच्या मोहिमांतला कट-सीनचा उंबरठा मात्र तिथेही आडवा येतोच. कट-सीन आधी बघून घेतल्याची नोंद एकदाच ठेवली, किंवा सामील होणाऱ्याला तो नंतर दाखवला, तरी हा प्रश्न सुटतो. इतकी वर्षे तो तसाच का राहिला, याचे समाधानकारक उत्तर खेळात सापडत नाही.

रचना कधी सुधारायची ती सुधारेल. हत्यार समजून घेण्यासाठी कोणाच्या अपडेटची वाट पाहावी लागत नाही. चौदा हत्यारांपैकी कोणतेही असो, पहिली फसगत आकड्यात होते. वर्ल्डमध्ये दिसणारा अ‍ॅटॅकचा आकडा हत्याराच्या जातीनुसार फुगवलेला असतो : ग्रेट सोर्डला ४.८ ने, लाँग सोर्डला ३.३ ने, हॅमरला ५.२ ने, ड्युअल ब्लेड्सला १.४ ने. सुरुवातीच्या बस्टर सोर्डवर ३८४ दिसतात आणि मॅच्ड स्लायसर्सवर ११२. भागून पाहिले तर दोन्हींचा खरा रॉ, म्हणजे मूळ मारा, ८० च निघतो. फरक आहे तो प्रत्येक फटक्याच्या मोशन व्हॅल्यूत (त्या फटक्याच्या गुणकात) आणि त्या फटक्याला लागणाऱ्या वेळात. मोठा आकडा पाहून हत्यार बदलणारा मदतनीस म्हणूनच हवेत तलवार फिरवत राहतो.

दुसरी फसगत शार्पनेसच्या रंगात. हिरव्याला १.०५, निळ्याला १.२ आणि पांढऱ्याला १.३२ असा गुणक आहे. २०० रॉचे हिरवे हत्यार २१० इतके पडते आणि १८० रॉचे निळे २१६ इतके. कमी आकड्याचे हत्यार जास्त लागते, आणि कठीण कातड्यावरून उसळतही कमी. धार उतरू लागली की दगड लावायला लागणारे काही सेकंद बहुतेकांना फुकट गेल्यासारखे वाटतात. उसळलेल्या तीन फटक्यांत त्यापेक्षा जास्त वेळ जातो. अफिनिटीचे, म्हणजे क्रिटिकल फटक्याच्या शक्यतेचे, गणित सोपे आहे. क्रिटिकल बूस्ट नसेल तर क्रिटिकलला २५ टक्के वाढ आणि उणे अफिनिटीला २५ टक्के घट. उणे ३० अफिनिटीचे हत्यार सरासरीत साडेसात टक्केच मागे पडते, तेव्हा रॉ भक्कम असेल तर लाल आकडा पाहून ते टाकून देण्याचे कारण नाही.

तलवार आणि कुऱ्हाड अशा दोन रूपांच्या चार्ज ब्लेडचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण फ्लेअरला धावून येणाऱ्यांत सर्वांत जास्त गैरसमज याच हत्याराभोवती दिसतात. तलवारीचे फटके मारत गेले की गेज पिवळा होतो, मग लाल. पिवळ्यात साठवले तर तीन फायल, म्हणजे ऊर्जेच्या कुप्या, भरतात, लालात पाच. लालाच्या पुढे गेज लुकलुकू लागला की तलवार उसळू लागते आणि तिथेच अनेकजण अडकतात. साठवलेली ऊर्जा आधी ढालीत भरावी, फायल पुन्हा भराव्यात, आणि मगच कुऱ्हाडीचा सुपर डिस्चार्ज करावा. ढाल न भरता केलेला डिस्चार्ज दिसतो जोरदार, लागतो किरकोळ. इम्पॅक्ट फायलचा स्फोट हिटझोन (अंगाच्या कोणत्या भागाला किती लागते ते) पाहत नाही, रॉवर चालतो आणि डोक्याला लागला तर राक्षसाला भोवळ आणतो; एलिमेंट फायल एलिमेंटवर चालते. हा फरक न पाहता दुसऱ्याचा बिल्ड उतरवून घेणाऱ्याला हवा तो परिणाम मिळत नाही. उतरवलेला बिल्ड आपल्या फायलला जुळतो का, एवढे तरी पाहून घ्यावे.

पार्टीत तर हत्याराचा परिणाम शेजाऱ्यावरही होतो. लाँग सोर्डचा रुंद फटका शेजारच्याला अडखळवतो, ग्रेट सोर्डचा खालून वर मारलेला फटका आणि गनलान्सचे शेलिंग त्याला थेट उडवते. अडखळण्यावर उपाय म्हणून फ्लिंच फ्रीची एक पातळी किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर मदतीच्या मोहिमेत नेहमी असावे. जागा वाटून घेणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. हॅमर आणि हंटिंग हॉर्न डोक्याकडे, कापणारी हत्यारे शेपटाकडे, हा नियम सर्वांना तोंडपाठ असतो, तरी डोक्याजवळ तीन लाँग सोर्ड आणि हॅमरवाला शेपटाशी, असे चित्र रोज दिसते. हॅमरने शेपूट तुटत नाही. राक्षस झोपला असताना पहिल्या फटक्याला दुप्पट नुकसान मिळते. तो पहिला फटका ड्युअल ब्लेड्सच्या टोकाने वाया घालवणे म्हणजे पार्टीचे नुकसान. ग्रेट सोर्डवाला चार्ज घेत असेल तर बाकीच्यांनी हात आवरावेत. सापळ्याचेही तेच. नकाशावर कवटी दिसली (राक्षस पकडण्याइतका खचला) की एकानेच सापळा लावावा, दुसऱ्याने ट्रँक बॉम्ब टाकावेत. दोघांनी लावले तर एक फुकट जातो. आणि शिकार मारायची आहे की पकडायची, हे मोहिमेच्या अटीत वाचून मगच सापळा काढावा.

तीन कार्ट सर्वांत मिळून मोजले जातात, याचे भान होस्ट आणि मदतनीस दोघांनाही असले पाहिजे. होस्टने फ्लेअर तिसरा कार्ट समोर उभा राहिल्यावर उडवू नये. कट-सीन संपताच उडवला तर मदतनीसाला हिटझोन पाहायला आणि जागा घ्यायला वेळ मिळतो. फ्लेअर उडवून छावणीत बसणाऱ्या होस्टच्या तक्रारीत फार जोर राहत नाही. मदतनीसाने दुसऱ्याच्या मोहिमेत अनोळखी हत्यार प्रथमच हाती घेऊ नये. ट्रेनिंग एरिया त्यासाठीच आहे, आणि तिथे खांबावर दिसणारे आकडे फटक्यागणिक मोशन व्हॅल्यूचा अंदाज देतात. मरणाच्या दारी आलेल्या सोबत्यासाठी लाइफपावडर खिशात असावी, कारण ती सगळ्या पार्टीला लागू होते. आणि ज्येष्ठ शिकाऱ्याने लो रँकच्या होस्टच्या राक्षसाला दोन मिनिटांत लोळवून निघून जाण्यापेक्षा, शेपूट तोडून किंवा भोवळ आणून त्याला फटका मारायची संधी द्यावी. तसे झाले तर पुढच्या मोहिमेत तोच होस्ट दुसऱ्या कोणाच्या फ्लेअरला धावून जाईल, आणि ही सोय ज्या हेतूने खेळात आली त्या हेतूने वापरली जाईल.