कोरा रकाना

मुंबई लोकलच्या छापील वेळापत्रकात गाड्या उभ्या रकान्यांत आणि स्थानके आडव्या ओळींत असतात. अंबरनाथच्या ओळीवरून बोट फिरवत गेले की ते वारंवार कोऱ्या रकान्यावर अडते. ती गाडी कल्याणलाच संपलेली असते, नाहीतर तिथून कसाऱ्याकडे वळलेली असते. अंबरनाथच्या पालेगावात टॉवरमागून टॉवर उभे राहिले. स्थानक घरापासून किती मिनिटांवर, हे घर विकणारा सांगतो. स्थानकात पोचल्यावर गाडीसाठी किती मिनिटे थांबायचे, हे या कोऱ्या रकान्यांवरून कळते.

हा तक्ता फोनवर मावत नाही. अडचण जुनी आहे. जावा फोनच्या काळात पडदा बहुधा 128 बाय 160 किंवा 240 बाय 320 पिक्सेलचा. जावाच्या प्रणालीत यादी दाखवायची सोय होती, मजकुराची होती, तारीख निवडायचीही होती. तक्त्याची तयार सोय नव्हती. प्रोग्रामरने एकेक रेघ हाताने काढायची, किंवा तक्त्याचा नाद सोडायचा. सचिन टेके यांच्या ‘एम-इंडिकेटर’ या लोकलच्या वेळा सांगणाऱ्या अ‍ॅपने दुसरी वाट धरली आणि ती योग्यच होती. आधी स्थानक विचारायचे, मग दिशा, आणि फलाटावरच्या इंडिकेटरसारखी यादी द्यायची: वेळ, कुठवर, जलद की धिमी, फलाट कोणता. याउलट रेल्वेची पीडीएफ फोनवर उघडून पाहावी. आकडे वाचता येतील एवढे मोठे केले की डावीकडची स्थानकांची नावे पडद्याबाहेर जातात. वेळ दिसते, कुठल्या स्थानकाची, ते दिसत नाही.

तेव्हा यादी हवीच. पण यादीत फक्त येणारी गाडी असते. न येणारीला तिथे ओळच नाही. दोन गाड्यांत पाच मिनिटे असोत की पस्तीस, पडद्यावर त्या एकाखाली एक, सारख्याच अंतरावर बसतात. ठाण्याची यादी उघडा किंवा अंबरनाथची, पडदा भरलेलाच दिसतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रवाशाची तक्रार नेमकी मधल्या खिंडाराबद्दल आहे, आणि ते यादीत बुजून जाते.

ऑगस्ट 2022 मध्ये मध्य रेल्वेने 10 साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित लोकल चालवल्या. कळव्यात आणि बदलापुरात प्रवाशांनी निदर्शने केली. 25 ऑगस्टपासून त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. यादीच्या लेखी मधल्या दिवसांत काही बिघडलेच नव्हते. ओळी तितक्याच होत्या, एखाद्या ओळीपुढे ‘एसी’ एवढाच काय तो फरक. दुसऱ्या वर्गाचा पास खिशात असलेल्यासाठी मात्र ती गाडी असून नसल्यासारखी होती. हे सांगायला प्रवाशांना रस्त्यावर, म्हणजे इथे फलाटावर, यावे लागले.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने दोनच मार्गिका आहेत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ‘एमयूटीपी-3ए’ या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात घेतली आहे. ती सुरू होईपर्यंत खिंडार फारसे बुजणार नाही, हे मान्य. पण खिंडार दाखवायला रूळ टाकावे लागत नाहीत. यादीतल्या दोन गाड्यांमध्ये एक बारीक ओळ पुरे: मध्ये किती मिनिटे, आणि तेवढ्यात कल्याणपर्यंत येऊन किती गाड्या परतल्या वा कसाऱ्याकडे वळल्या. वेळा रेल्वेकडे आहेतच. वजाबाकी करायला फोन समर्थ आहे.

ही ओळ प्रवासी मागत नाही, कारण त्या घटकेला त्याला पुढची गाडी पकडायची असते. रेल्वे ती आपणहून देईल, असे मानायला आधार नाही. स्वतःच्या उणिवेचा तक्ता कोण मांडतो? म्हणून नवे वेळापत्रक लागू होताना ‘फेऱ्या वाढल्या’ हा आकडा पुढे केला जाईल, तेव्हा अंबरनाथकरांनी एकच प्रश्न विचारावा: त्यातल्या कल्याणच्या पुढे किती, आणि त्यांपैकी बिनएसी किती?