शक्य तितकं सावकाश!

मुलांनो, शाळेतली बाजाची पेटी तुम्ही पाहिली आहेच. पट्टी दाबून भाता हलवत राहिलं, की सूर थांबत नाही. चर्चमधल्या ऑर्गनचंही तसंच, फक्त तिथे हवा मोठमोठ्या नळ्यांत घुमते. पियानोचा सूर मात्र हळूहळू विरून जातो.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९८७ साली ऑर्गनसाठी एक रचना लिहिली. लयीची सूचना एवढीच, की शक्य तितकी सावकाश वाजवा! म्हणजे किती? कुणी ती अर्ध्या तासात संपवली, कुणी जवळपास १५ तास घेतले. केज १९९२ मध्ये वारले. आता विचारणार कुणाला?

जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावाने ठरवलं, ६३९ वर्षं! तिथला नावाजलेला जुना ऑर्गन १३६१ सालचा. २००० मधून वजा करा बघू. ५ सप्टेंबर २००१ ला वादन सुरू झालं आणि पहिले १७ महिने नुसती शांतता, कारण रचनेची सुरुवातच विरामाने होते! पहिला सूर निघाला ५ फेब्रुवारी २००३ ला. पट्ट्या वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवतात, हवा विजेच्या यंत्रावर. सूर बदलायच्या दिवशी लांबलांबून माणसं येतात.

काही जण म्हणतात, वाजवणाराच नाही, मग हे वादन कसलं? मला ते पटत नाही. केजने दिलेली मोकळीक या गावाने मनापासून घेतली आहे. वादन संपणार २६४० साली. तोवर छप्पर गळू न देणं, हवा तुटू न देणं, हे काम एकाने दुसऱ्याच्या हाती देत राहायचं आहे.