पट्ट्याला किती फासे?

फासेपुराण – फासेबहाद्दर, सूरत

अडाजणच्या एका टेबलावर या आठवड्यात दांडपट्टा अवतरला. तिथल्या डंजन मास्टरने स्वतः लिहिलेला नियम मला मोठ्या अभिमानाने दाखवला. जखमेला १२ बाजूंचे दोन फासे, पोच १० फूट आणि एका वारात भोवतालचे सगळे गार. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार होतं, ‘‘काका, राज्यशस्त्र आहे!’’ आहेच. २०२४च्या शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला तो मान दिला. पण सरकारी घोषणेने पात्याची लांबी वाढत नाही.

तलवारीच्या वजनावरून मी इथे किती वेळा डोकं आपटलंय, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८च्या पुस्तकात दोन हाती तलवारीचा भार २५० नाणी, म्हणजे २५ पौंड! ‘त्यात बाळगण्याची अडचणही धरली आहे’ असा बचाव करणारी पत्रं कृपया पुन्हा पाठवू नयेत. २०१४च्या आवृत्तीत ती ६ पौंडांवर आली. ३६ वर्षांत कुणीतरी तराजू विकत घेतला म्हणायचा. वजन सुधारलं, खोड मात्र राहिली. हत्यार मोजायचं ते फक्त जखमेवरून.

या खोडीवरचा उतारा आपल्याच गावात घडून गेलाय. जानेवारी १६६४. शिवाजी महाराजांचा तळ शहराबाहेर, बुऱ्हाणपूर दरवाजाच्या बाजूला. सुभेदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दडून बसलेला. त्याने बोलणी करायला म्हणून एक तरुण वकील पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर काढला आणि महाराजांवर झेप घेतली. पहाऱ्यावरच्या मावळ्याने उपसलेल्या तलवारीच्या एकाच घावात त्याचा हात तोडला. इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात पुढचं सांगितलं आहे. गडी थांबला नाही. सगळा जोर लावून झेपावलेला, तो तुटक्या हातानिशी महाराजांच्या छातीवर आदळला आणि दोघेही खाली पडले. महाराजांच्या अंगावर रक्त दिसलं, ते मारले गेले अशी ओरड तळभर झाली आणि कैद्यांना कापा, असा गलका उठला. तोवर कुणीतरी त्या तरुणाची कवटी फोडली होती.

आता हे टेबलावर मांडून पाहा. खंजिराला चार बाजूंचा फासा, तलवारीला आठ. मावळ्याचा वार लागला, तरुणाचे हिट पॉइंट संपले, तो जागच्या जागी कोसळला, खेळ पुढे. किंवा संपले नाहीत, तर एक तरी पॉइंट शिल्लक असलेला तो तरुण दोन्ही हात शाबूत ठेवून, ठणठणीत प्रकृतीने आपली पाळी घेणार. हात गेलाय आणि माणूस तरी येतोच आहे, या अवस्थेला नियमात घरच नाही. सुरतेत खंजिराचा फासा पडलाच नाही, पातं लागलंच नाही, आणि तरी सबंध तळ हादरला. खंजिराची सगळी ताकद तो कुठवर लपून आला आणि किती जवळून निघाला यात होती. प्रतापगडावरच्या वाघनखांचंही तेच. २०२४मध्ये लंडनच्या संग्रहालयाने उसनी दिलेली वाघनखं पाहायला साताऱ्यात रांगा लागल्या. खेळात त्यांना कुणी चार बाजूंच्या फाशाच्या वर चढवणार नाही.

म्हणून मला १९७४चा मूळ नियमच शहाणपणाचा वाटतो. त्यात खंजीर असो की परशू, जखमेला सहा बाजूंचा एकच फासा. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ पुरवणीने हत्यारागणिक वेगळे फासे आणले आणि तेव्हापासून पोरं हत्यार निवडतात ते बाजारात कांदे निवडावेत तसं, आकार बघून. भाल्याची तर दैनाच. जगभरच्या पायदळांनी पिढ्यान् पिढ्या भाला धरला, आणि पुस्तकात तो गरिबाघरचा. आपला दोरी बांधलेला विटा, फेकून परत ओढता येणारा, तो तर या पुस्तकवाल्यांच्या गावीही नाही. कटानाचं कौतुक मात्र अखंड चालू!

पट्ट्याकडे येतो. पातं सरळ, लांब, लवचीक. मूठ आडवी, लोखंडी खोबणीच्या आत. खोबणी कोपराकडे चढत गेलेली. मनगट जखडलेलं, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो. कोल्हापूरचे मर्दानी खेळ ज्यांनी पाहिलेत त्यांनी आधी काय होतं तेही पाहिलंय. रिंगण मोकळं करतात, पोरांना मागे सारतात. ते उगाच नाही. सुरतेच्या त्या गर्दीत मावळ्याच्या हातात तलवारीऐवजी पट्टा असता, तर त्याने आधी आपलाच शेजारी कापला असता असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, नाही.

पट्टेवाल्याच्या हातून हत्यार सहजी पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच हाताने दार उघडता येत नाही, दोर धरता येत नाही, औषधाच्या कुपीचं बूचही निघत नाही. समतोल तिथेच ठेवलेला आहे, फासे वाढवून-घटवून तो शोधायची गरज नाही.

तेव्हा टेबल चालवणाऱ्या समस्त मास्तरांना विनंती. पट्ट्याला तलवारीचाच आठ बाजूंचा फासा द्या. तो हातातून पाडायचे नियम त्याला लावू नका. चढवायला एक पाळी, उतरवायला एक पाळी मोजा. आणि बंद खोलीत कुणी पट्टा फिरवलाच, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्रालाही जीव वाचवायचा फासा टाकायला लावा.